ओढताना येणारे सूर

नांदूरघाट
८ जानेवारी २०२५

श्री. राधाकिशन यांस,

अर्ज मिळाला. बिभीषण पेंडीचा टेम्पो घेऊन केजला निघाला होता, तो दारात उभ्याउभ्या देऊन गेला. चहा घेतला नाही. मामीच्या घरचा चहा घ्यायचा नाही असे आष्टीत ठरले असेल तर तसे कळवा, म्हणजे मी जास्तीचे दूध घेणार नाही.

रेशनकार्डातून तुमचे नाव कमी करायला कुटुंबप्रमुख म्हणून माझी सही लागते, हे बरोबर आहे. पण अर्जात तीन चुका आहेत. ‘प्रमुख’मधला मु तुम्ही दीर्घ लिहिला आहे, दिनांक घातलेला नाही, आणि कारणाच्या रकान्यात ‘कायमचे स्थलांतर’ असे लिहिले आहे. पहिल्या दोन चुका लाल शाईने दुरुस्त केल्या आहेत. तिसरीखाली नुसती रेघ ओढली आहे. अर्ज परत पाठवते.

पत्र लिहिण्याचे कारण वेगळे आहे. संक्रांतीची साफसफाई काढली तेव्हा शिलाई मशीनच्या खणात तुमचा तोंडाने वाजवायचा बाजा सापडला. तुम्ही गेलात तेव्हा कपडे नेले, गोळ्या नेल्या, पंचांग नेले. बाजा नेला नाही. मी वाजवून पाहिला. फुंकले की आवाज येतो. ओढले की काही भोकांतून नुसता वारा येतो, आणि काहींतून जो आवाज येतो तो तसाच यायला हवा की नाही, हे मला कळत नाही. तो तसाच पाठवू, की दुरुस्त करून पाठवू? दुरुस्त करायचा असेल तर उघडतात कसा ते लिहा. मी तो आजवर कधी उघडलेला नाही.

कडूआक्कांचा फोन आला होता. नगरच्या डॉक्टरांनी कानाचे मशीन दिले, पण तुम्ही ते डबीतच ठेवता. भजनाला बसत नाही. आणि कोणी विचारले तर म्हणता, ‘मला बाजा येगळाच ऐकू आला तवाच वळखलं, माजं आता काई खरं न्हाई.’ तुमच्या बहिणीने मला आणखीही सुनावले. ‘शिवकन्ये, तू येक बोललीस आन माज्या भावानं चाळीस वर्साचा बाजा टाकला’ असे.

मी बोलले हे मी नाकारत नाही. नातीच्या बारशाला, गणपतीतल्या त्या रविवारी, साठ माणसांसमोर मी म्हणाले की तुमचे कान गेले. आता डॉक्टरही तेच म्हणतात. मग मी खोटे काय बोलले ते मला समजत नाही.

फोनवर तुम्ही येत नाही, कानाचे कारण सांगता. म्हणून पत्र. वाचायला कान लागत नाहीत.

शिवकन्या


नांदूरघाट
२१ जानेवारी २०२५

श्री. राधाकिशन यांस,

तुमचे कार्ड मिळाले. ‘झाकनाचे खिळे सुरीच्या टोकानं हळू उचलावे. पत्त्यांना बोट लावू न्हाई. पानी तर अजिबात लावू न्हाई, आत लाकूड हाय, फुगतं. न्हाई वाजला तरी चालंल, मला आता त्याचं काम न्हाई.’ शेवटचे वाक्य मी वाचले नाही असे समजावे.

काल दुपारी जेवणाच्या टेबलावर वर्तमानपत्र अंथरले आणि उघडला. वरचे झाकण निघता निघेना, फार खटपटीने निघाले. खालच्या झाकणाचे खिळे मात्र सहज निघाले. असे का, ते कळत नाही.

आत काय असते ते मी पहिल्यांदाच नीट पाहिले. मध्ये लाकडाची फणी, तिला दहा घरे. फणीच्या वर एक पितळी पाटी, खाली एक. प्रत्येक पाटीवर दहा पत्त्या, नखाएवढ्या पातळ, एका टोकाला पक्क्या आणि दुसऱ्या टोकाला मोकळ्या. वरच्या पाटीच्या पत्त्या आतल्या बाजूला आहेत, त्या फुंकल्यावर वाजतात. खालच्या पाटीच्या बाहेरच्या बाजूला, झाकणाखालीच आहेत, त्या ओढल्यावर. म्हणजे एकाच भोकातून श्वास सोडताना एक सूर आणि घेताना दुसरा. बाजा चाळीस वर्षे घरात वाजतो आहे आणि मला वाटत होते की तुम्ही नुसते फुंकता. तुम्ही कधी सांगितले नाही. सांगितले असेल तर मला आठवत नाही.

तो तसाच उघडा, स्टीलच्या डब्यात घालून, हबीबभाईंकडे नेला. बँडपार्टी बंद पडल्यापासून ते कुकर आणि शेगड्याच करतात, पण पेटीचे किंवा क्लॅरिनेटचे काम आले की हातातला कुकर बाजूला ठेवतात. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला आणि पाटी डोळ्याजवळ नेली.

‘म्याडम, ह्येला हात कोनी लावला?’

मी म्हणाले, मला माहीत नाही.

‘वरची पाटी काळीकुट्ट हाय, खालची लख्ख. बाजा काय अर्धाच मळतो का?’

त्यांनी फणीवर नख दाबून पाहिले. लाकूड फुगून आत वाकले आहे म्हणाले, हे पाण्यात बुडालेले आहे. मग भिंगातून खालच्या पत्त्या दाखवल्या. चौथी, पाचवी आणि सहावी मुळाशी खरवडलेली आहे. पत्ती मुळाशी खरवडली की सूर उतरतो, टोकाशी खरवडली की चढतो. हे मला त्यांनी सांगावे लागले याची लाज वाटली. ‘ध्वनी’ हा धडा मी नववीला सव्वीस वर्षे शिकवला. टेबलाच्या कडेला लोखंडी पट्टी दाबून धरायची, मोकळे टोक छेडायचे, कंप मोजायचे. मुळाशी पट्टी कमजोर झाली की ती सावकाश हलणार, हे उघड आहे.

घरी येऊन मी आठवून पाहिले. बारशाच्या आधी समई, तांब्या, पंचपात्र असे पितळेचे सगळे घासायला काढले होते. तेव्हा बाजा ओल्या फडक्याने पुसला गेला असण्याची शक्यता आहे. वरून. तेवढ्याने आतले लाकूड फुगेल असे वाटत नाही. माझा गोंधळ होतो आहे. तुम्ही तो कधी नळाखाली धरला होता का?

शिवकन्या


नांदूरघाट
९ फेब्रुवारी २०२५

श्री. राधाकिशन यांस,

माझ्या प्रश्नाला तुम्ही ‘न्हाई’ एवढा एकच शब्द लिहून उत्तर दिलेत. बरोबर आहे. तुम्ही नळाखाली कशाला धराल. एसटीच्या सगळ्या नोकरीत तुम्ही तो रुमालात गुंडाळून कंडक्टरच्या पेटीत तिकिटांच्या वर ठेवलात.

अर्जही मिळाला. पहिल्या दोन चुका दुरुस्त केल्या आहेत. तिसरी आहे तशीच आहे.

बाजाचे काम पूर्ण झाले. क्रमाने लिहिते, कारण मला स्वतःलाच क्रम लावायचा आहे.

फणी दहा दिवस सावलीत, विज्ञानाच्या जाड पुस्तकांखाली दाबून ठेवली. ती सरळ झाली. कडा थोड्या फुगलेल्या राहिल्या, त्या गुळगुळीत काचेवर बारीक पॉलिश पेपर ठेवून, त्यावर फणी फिरवून घासल्या. पाट्या बसवल्या. मग हबीबभाईंनी सांगितले तसे पत्तीखाली कागदाची पातळ पट्टी सरकवायची, पत्ती उचलून धरायची आणि टोकाशी नव्या ब्लेडने अगदी हलके खरवडायचे. दोन वेळा खरवडून एकदा वाजवायचे. घाई करायची नाही. हबीबभाई शेवटपर्यंत बघणार होते, पण ते मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी लातूरला मुलीकडे गेले. मी थांबले नाही.

सूर बरोबर आला की नाही ते कसे ओळखायचे, हा प्रश्न होता. हरिओमला पुण्याला फोन केला. तो म्हणाला, ‘आई, कशाला हा उद्योग, मी नवा मागवतो.’ मी म्हणाले, नवा नको, काय करायचे ते सांग. त्याने माझ्या मोबाइलवर काहीतरी पाठवले. बाजा वाजवला की पडद्यावर सुई हलते. सुई मधोमध आली की हिरवा रंग येतो, म्हणजे सूर बरोबर. हे मला आवडले. पाचव्या भोकातला ओढलेला म फार खाली होता, ग ला जाऊन टेकला होता. तीन दुपारी लागल्या, पण हिरवा झाला. चौथे आणि सहावेही झाले. तिसरे थोडेसेच खाली होते, तेही लगे हाथ वर घेतले. आता खालच्या पाटीवरच्या दहाही पत्त्यांना सुई मधोमध येते.

झाकणे बसवून वाजवला तर बारीक सूर डावीकडे आणि जाड उजवीकडे. सगळे काम फुकट गेले असे वाटून मी अर्धा तास नुसती बसले. मग लक्षात आले की आकडे छापलेले झाकण मी खालच्या अंगाला ठोकले होते. उलटा बाजा सुलटा समजून वाजवत होते. खिळे पुन्हा काढले.

आणखी एक लिहायचे आहे. बाजा मी फडक्याने पुसला नव्हता. धुतला होता. खालचे झाकण सुरीने काढले, चिंच आणि मीठ लावून काथ्याने घासले, पत्त्यांच्या मुळाशी काळे साचले होते ते सुईने काढले, कढत पाण्यात खळबळले आणि गच्चीवर उन्हात ठेवले. पितळ म्हणून. समईशेजारी ठेवला होता. त्याला तोंड लावता आणि त्यातून तंबाखूचा वास येतो, तो पाहुण्यांसमोर येऊ नये, एवढाच विचार होता. वरचे झाकण निघाले नाही म्हणून वरची पाटी वाचली.

हे बारशाच्या आधी झाले की नंतर, ते मला नक्की सांगता येत नाही. समई बारशाच्या आधी घासली. दसऱ्यालाही घासली. तुम्ही गेल्यावरही मी बरेच काही घासले.

बाजा बिभीषणच्या हाती पाठवते आहे. त्याने या वेळी अर्धा कप चहा घेतला. वाजवून पाहा आणि काही चुकले असेल तर भोकाचा आकडा आणि फुंकताना की ओढताना, एवढे कळवा.

शिवकन्या


नांदूरघाट
२४ फेब्रुवारी २०२५

राधाकिशन यांस,

बाजा आणि कार्ड दोन्ही मिळाले. कार्ड मी इथे पुन्हा उतरवते, कारण त्यातल्या प्रत्येक ओळीचे उत्तर द्यायचे आहे.

‘पाचवं झ्याक झालं. चौथं, सहावं बी. तिसरं मातर तुमी वर नेलंय बाई. येकटं वाजिवलं तर कळत न्हाई, पन दुसरं तिसरं चौथं येकदम वढलं की थरथरतंय. आदी तसं न्हवतं, तिघं येका जागी बसायचे. दहाव्याचं मला सांगता येत न्हाई, तितं निस्ता वारा ऐकू येतो, मशीन लावून बी वाराच. तिसऱ्याचं म्या आठ दिस लिवलं न्हाई. म्हनलं बाजा दुरुस्त हाय आन थरथर माज्याच कानात आसंल. बारशाला झालं तसं. तर बाजात हाय का कानात हाय, ते तुमी सांगा. तुमी सांगाल ते खरं.’

मी मोबाइल लावला. तिसरे ओढले. सुई मधोमध, हिरवी. पुन्हा ओढले, पुन्हा हिरवी. मला वाटले झाले, यांचे कान खरेच गेले, आता हे कसे लिहायचे. मग तिन्ही एकदम ओढली. मला एक आवाज आला. चांगला, भरलेला आवाज. थरथर कुठे ते मला कळेना.

हबीबभाई परवाच लातूरहून आले, डोळ्याला हिरवी पट्टी आहे. त्यांना पत्त्या दिसत नव्हत्या, पण बाजा तोंडाला लावून त्यांनी तीन भोके ओढली आणि लगेच खाली घेतला.

‘तिसरी कुनी चढवली?’

मी सुईचे सांगितले. मोबाइल दाखवला. ते हसले. ‘म्याडम, येकटी पत्ती येगळी आन तिघी बहिनी येकदम बोलल्या की येगळं. जुन्या बाजात तिसरी जरा उतरूनच बसवत्यात, तवा तिघी गोड लागत्यात. तुमच्या मशीनला येकटीचंच कळतं. ही पत्ती बिघडलीच न्हवती, तुमी ती दुरुस्त केली.’

मग पुन्हा ओढून म्हणाले, ऐका, कशी थरथरती. मी ऐकले. त्यांनी आणखी एकदा ओढले, लांब श्वास घेऊन. त्यांच्या घरातल्या चाँदबी आतून हात पुसत आल्या आणि दारातूनच म्हणाल्या, ‘हाव, थरथरतंय की.’

‘म्याडम, तुमाला न्हाई का ऐकू येत?’ हबीबभाईंनी विचारले.

मी म्हणाले, नाही.

असे मी कोणाला पहिल्यांदाच सांगितले. बत्तीस वर्षे मी प्रार्थनेच्या रांगेसमोर उभी राहून मुलांना ‘सुरात म्हणा’ असे सांगितले. मुलांचे तोंड वाकडे झाले की सूर चुकला असे समजायचे. संगीताच्या सरांकडे बघायचे, त्यांच्या कपाळावर आठी आली की त्या रांगेला पुन्हा म्हणायला लावायचे. आठी नसली तर सोडून द्यायचे. सगळ्यांनाच असे पाहून कळते, असे मला वाटत होते.

तर तुमच्या प्रश्नाचे उत्तर. थरथर बाजात आहे. तुमच्या कानात नाही. जो फरक मला ऐकू येत नाही, हरिओमने पाठवलेल्या सुईला कळत नाही, तो तुम्हाला आष्टीत मशीन न लावता कळला. बारीक आवाज तुम्हाला ऐकू येत नाहीत असे डॉक्टर म्हणाले असतील तर ते खरे असेल, दहाव्याचे तुम्हीच लिहिले आहे. पण सूर तुम्हाला कळतात. बारशालाही कळत होते. तुम्हाला बाजा वेगळा ऐकू आला, कारण तो वेगळाच वाजत होता.

तुम्ही लिहिता, ‘तुमी सांगाल ते खरं.’ असे पुन्हा लिहू नका.

कारण बारशाचा क्रम मला आठवतो. गेल्या पत्रात आठवत नाही असे लिहिले, ते खरे नव्हते. बाजा मी गुरुवारी धुतला आणि बारसे रविवारी झाले. तुम्ही बाजावर पाळणा वाजवायला घेतला. दुसऱ्या ओळीला बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. मला काही ऐकू आले नाही, मला त्यांचे चेहरे दिसले. शिरूरचे बंकटभाऊजी म्हणाले, ‘काय बे राधाकिशन, बाजाला सर्दी झाली का काय?’ आणि सगळे हसले. तुम्ही थांबलात. बाजा हातात उलटा केला, झाकणाच्या खिळ्यांवर अंगठा फिरवलात आणि माझ्याकडे पाहिलेत. तुम्ही विचारणार होता. मी तुम्हाला विचारू दिले नाही. ‘बाजाला काही झालेले नाही, कान गेले तुमचे’ असे मी म्हणाले.

तेव्हा मला माहीत होते का, हे मी महिनाभर स्वतःला विचारते आहे. चिंचेने सूर बिघडतात हे माहीत नव्हते. पण काहीतरी झाले आहे, ते मी केले आहे, आणि ते आत्ता सगळ्यांना कळणार आहे, हे माहीत होते. याला माहीत असणे म्हणतात की नाही, ते मला ठरवता येत नाही. ते बोलून झाल्यावर तुमच्या तोंडाकडे मी पाहिले नाही. कडूआक्का म्हणतात, तुम्ही बाजा खिशात घालून हळूच कानाला हात लावलात.

शिवकन्या


नांदूरघाट
१२ मार्च २०२५

अहो,

तुमचे पत्र नाही. अपेक्षाही नव्हती.

जे साठ माणसांसमोर बोलले ते एका पत्रात परत घेता येत नाही. शाळेत प्रश्नपत्रिकेत चूक छापली गेली तर प्रत्येक वर्गात जाऊन फळ्यावर लिहायचो, ज्याने चूक केली त्यानेच. म्हणून बारशाला आलेल्यांची यादी काढली. हरिओमच्या बायकोकडे आहेरांची वही होती, त्यावरून पत्ते लावले. एका घरी एक याप्रमाणे सदतीस घरे झाली. इथल्या पोस्टात वीसच कार्डे निघाली, बाकीची केजहून आणवली. प्रत्येकावर हाताने लिहिले. मजकूर असा:

‘शुद्धिपत्र. दि. १५ सप्टेंबर २०२४ रोजी आमच्याकडील बारशाच्या वेळी मी श्री. राधाकिशन यांना “कान गेले तुमचे” असे म्हणाले. त्याऐवजी “बाजा मी चिंच लावून धुतला होता” असे वाचावे. आपली, शिवकन्या.’

लोकांना ते नीटसे समजलेले दिसत नाही. बंकटभाऊजींचा फोन आला. ‘वैनी, ह्ये कार्ड काय हाय? वाचावं म्हन्जी कुनाला वाचून दावायचं?’ मी समजावून सांगितले. मग ते म्हणाले, ‘म्हन्जी सर्दी खरंच झालती तर.’ तिसऱ्या गल्लीतल्या एकीने येऊन विचारले, चिंच कानाला चालते का. हरिओम चिडला आहे. सासुरवाडीच्या लोकांना असली कार्डे पाठवायची काय गरज होती, म्हणतो. त्याला मी सांगितले की सासुरवाडीचे लोक त्या दिवशी पहिल्या रांगेत बसले होते.

एक कार्ड कडूआक्कांच्या नावाने पाठवले आहे. त्यांना वाचता येत नाही. तुम्हीच वाचून दाखवा, किंवा बिभीषण दाखवील.

बाजा सोबत आहे. तिसरी पत्ती मी उतरवलेली नाही. हबीबभाई म्हणाले, मुळाशी दोन वेळा ब्लेड फिरवले की झाले, मी समोर बसतो. मी नको म्हणाले. मला जे ऐकू येत नाही त्यावर मी आता ब्लेड चालवणार नाही. पॉलिश पेपर, कागदाच्या पट्ट्या आणि नवे ब्लेड त्याच डब्यात ठेवले आहे. वाजवून झाला की तळहातावर झटकावा, म्हणजे आतले पाणी निघून जाते, असे ते म्हणाले. हे तुम्हाला माहीतच असेल. दहाव्या भोकातून मला आवाज येतो. तो बरोबर आहे का ते मला कळत नाही, आणि तुम्हाला तो ऐकूच येत नाही. त्याचे काय करायचे याचा विचार करून मी दमले.

अर्जावर सही करून तोही डब्यात ठेवला आहे. कारणाचा रकाना तुमचा आहे, त्यात मी रेघ ओढायला नको होती. तो तहसीलमध्ये द्यायचा की नाही ते तुम्ही ठरवा. मी विचारणार नाही.

शिवकन्या


नांदूरघाट
३१ मार्च २०२५

अहो,

काल पाडव्याला दुपारी कडूआक्कांचा फोन आला. मी गुढीजवळची रांगोळी झाकत होते, वारा सुटला होता. आक्का म्हणाल्या, ‘शिवकन्ये, बोलू नको, निस्तं ऐक,’ आणि फोन कुठेतरी ठेवल्याचा आवाज आला. मग तुम्ही वाजवायला लागलात.

कोणते गाणे होते ते मला ओळखता आले नाही. मध्ये थांबून तुम्ही तेच पुन्हा घेतलेत, ते चुकले म्हणून की आवडले म्हणून, तेही कळले नाही. तिथे बरीच माणसे बसलेली असावीत, कारण कोणीतरी खोकले आणि कोणीतरी त्याला गप्प केले. त्यांचे चेहरे मला दिसत नव्हते. त्यामुळे बरोबर वाजते आहे की नाही, हे ठरवायला माझ्याकडे काहीच नव्हते.

तिसरी पत्ती उतरवली असेल तर ती आता बरोबर बसली असणार. तुम्ही वाजवलेत त्याअर्थी बसलीच असणार.

संपल्यावर आक्कांनी फोन उचलला आणि विचारले, ‘कसं वाटलं गं? त्यानं इचारायला लावलंय.’ मी म्हणाले, पत्राने कळवते. म्हणून हे पत्र.

मला कळले नाही. पण मी फोन ठेवला नव्हता.

शिवकन्या